फाळाची झीज आणि बोरॉनचे कातडे



उन्हाळी नांगरट उरकली की नांगराचा फाळ सोडून एकदा हातात घ्या. हंगामाच्या सुरुवातीला तो कसा होता ते आठवा. टोक आखूड झालेले असते, धार गोल झालेली असते आणि मातीला घासणारी बाजू आरशासारखी चकाकत असते. ही चकाकी पाहून पुष्कळांना वाटते, फाळ छान मुरला. खरे तर ती झिजेची खूण आहे. जेवढे लोखंड फाळावरून गेले, तेवढे तुमच्या रानात बारीक पूड होऊन पडले. जमिनीने फाळ खाल्ला असे आपण म्हणतो, ते अगदी शब्दशः खरे आहे.

बैलाच्या नांगराला एक फाळ असे. तो लोहाराकडे नेऊन, तापवून, ठोकून, शेवटून आणला की काम भागे. आता पाच-सहा फुटी रोटाव्हेटरला ३६ किंवा ४२ पाती असतात. ती एकदम झिजतात आणि एकदम बदलावी लागतात. शिवाय बदलण्याआधीच त्यांनी नुकसान केलेले असते. बोथट पाते माती कापत नाही, रेटते. ट्रॅक्टरला जोर जास्त लागतो, डिझेल जास्त जळते, आणि खोली मिळत नाही म्हणून त्याच रानावरून दुसरा फेरा घालावा लागतो. वाफसा दोन दिवसांचा असेल तर त्यातला अर्धा दिवस असाच जातो.

म्हणून दुकानात कोणी "हे बोरॉनचे पाते आहे, झिजत नाही" असे म्हणाले की आपले कान टवकारतात. त्या बोलण्यात तथ्य किती आणि फुगवटा किती, हे पाहण्यासाठी आधी माती लोखंड कशी खाते ते समजून घ्यावे लागेल.

माती लोखंडाला ओरखडते

माती हातात घेतली तर मऊ लागते. पण तिच्यात वाळूचे कण असतात, आणि वाळू म्हणजे बहुतांशी गारगोटीचा चुरा. आपल्या आजोबांच्या काळी चकमक झाडायला जी गारगोटी वापरत, तीच. ती पोलादावर मारली की ठिणगी पडते. ही ठिणगी म्हणजे गारगोटीने पोलादाचा खरवडून काढलेला, घर्षणाने पेटलेला कण. फाळाच्या तोंडावर हेच चालते. ठिणगी दिसत नाही एवढेच. एकेक वाळूचा कण फाळावर केसाहून बारीक चर ओढत जातो, आणि एका तासात असे कोट्यवधी चर पडतात.

कोणता पदार्थ कोणाला ओरखडेल हे ठरवण्यासाठी कारखान्यात कठीणपणा मोजतात. हिऱ्याचे एक लहानसे टोक ठरावीक वजनाने धातूवर दाबायचे आणि पडलेला खड्डा सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. खड्डा लहान, तर आकडा मोठा. या मापाला विकर्स म्हणतात. साध्या मऊ लोखंडी पट्टीचा आकडा १२० ते १५० येतो. पाणी पाजून नीट कडक केलेला चांगला फाळ ४५० ते ५०० पर्यंत जातो. गारगोटी १,००० ते १,१०० च्या आसपास असते.

आता यातली मेख पाहा. कणाने धातूवर चर पाडायचा तर तो धातूपेक्षा निदान पंचमांशाने तरी कठीण असावा लागतो. म्हणजे तुमचा फाळ १५० चा असो की ५०० चा, गारगोटीपुढे दोन्ही मऊच. ५०० चा हळू झिजेल, पण झिजेल. फाळाचे तोंड ९०० च्या पलीकडे नेता आले, तर मात्र खेळ पालटतो. वाळूचा कण मग चर पाडण्याऐवजी स्वतःच बोथट होऊ लागतो आणि झीज एकदम खाली येते.

सगळ्या जमिनी फाळाला सारख्या खात नाहीत, हे तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. काळ्या रानातली चिकणमाती स्वतः मऊ असते. तिथे झीज करतात ते काळ्या खडकाचे खडे आणि अधूनमधून सापडणाऱ्या गारगोट्या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या भागांत जुन्या खडकांपासून झालेली रेवाळ, वाळूमिश्रित जमीन आहे. नदीकाठच्या मळ्यांतही वाळू असते. तिथे दगड कमी असले तरी फाळ झपाट्याने जातो. जमिनीतला हा फरक ध्यानात ठेवा. कातडे घ्यायचे की नाही, हे शेवटी त्याच्यावरच ठरणार आहे.

टाकणखारातला बोरॉन

बोरॉन हे नाव नवे वाटले तरी वस्तू जुनी आहे. सोनाराच्या आणि लोहाराच्या दुकानात जो टाकणखार असतो, त्यात हे मूलद्रव्य असते. संस्कृतात त्याला टंकण म्हणत. लडाखमधल्या पुगा खोऱ्यात आणि पलीकडे तिबेटात तो निसर्गात सापडतो. पूर्वी तिबेटचा टाकणखार हिमालय ओलांडून आपल्याकडे आणि इथून पुढे युरोपात जाई. तिथल्या व्यापाऱ्यांनी त्याला दिलेले 'तिंकल' हे नाव आपल्या टंकणावरूनच आले. आज जगातले सर्वांत मोठे साठे तुर्कस्तानात आहेत.

बोरॉन प्रथम वेगळा काढला तो १८०८ मध्ये, इंग्लंडात हम्फ्री डेव्ही यांनी आणि फ्रान्समध्ये गे-ल्युसॅक व थेनार यांनी. पोलादाच्या अंगात बोरॉन मुरवता येतो, हे १८९५ मध्ये फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासाँ यांनी दाखवले. पुढे १९०६ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र दुसऱ्या कामासाठी.

इथे कोणी विचारेल, आमचा लोहार दोन तुकडे जोडताना टाकणखार टाकतोच की, मग त्याच्या फाळाला बोरॉन चढत नाही का? चढत नाही. भट्टीत टाकलेला टाकणखार वितळून लोखंडावरचा जळका पापुद्रा विरघळवतो आणि जोड स्वच्छ होतो. त्यातला बोरॉन प्राणवायूला घट्ट धरून बसलेला असतो. त्याला तिथून सोडवायला दुसरी द्रव्ये लागतात आणि काही तासांची सतत उष्णता लागते. भात्याच्या भट्टीत ते जमत नाही.

कल्हई नव्हे, मुरवण

कारखान्यात हे काम असे चालते. स्वच्छ केलेली पाती पोलादी डब्यात एका भुकटीत पुरतात. भुकटीत बोरॉन कार्बाइड असते, ती पातळ करायला सिलिकॉन कार्बाइड असते आणि क्रिया सुरू करणारे एक क्षार थोड्या प्रमाणात असते. डबा बंद करून सुमारे ९०० ते ९५० अंश सेल्सिअसला चार ते आठ तास ठेवतात. लोखंड वितळत नाही, लालबुंद मात्र होते, आणि त्या अवस्थेत बोरॉनचे अणू त्याच्या अंगात शिरू लागतात.

गृहिणींना हे लगेच कळेल. भांड्याला कल्हई करतात तेव्हा कथील वर बसते, आणि पुढे निघूनही जाते. कैरीच्या फोडीत मीठ मुरते ते आतपर्यंत जाते. बोरॉनचे काम कल्हईसारखे नसून लोणच्यासारखे आहे. फरक एवढाच की तो लोखंडात नुसता मिसळून राहत नाही, तर लोखंडाशी संयोग पावून नवा पदार्थ बनवतो. त्याला लोहाचे बोराइड म्हणतात. त्याचा विकर्स आकडा १,४०० ते २,००० पर्यंत जातो. गारगोटीच्या दीडपट ते जवळजवळ दुप्पट! पोलादाला कोळशाची मुरवण देऊन कडक करण्याची जुनी रीत आहे, तिने तोंड ७०० ते ८५० पर्यंत जाते. ते गारगोटीच्या जवळ येते, पण तिला ओलांडत नाही. बोरॉन ओलांडतो. त्याचे सगळे महत्त्व एवढ्यात आहे.

मऊ, कमी कोळशाच्या पोलादात हा थर आत शिरताना सपाट शिरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर करवतीच्या दात्यांसारखे त्याचे दात आतल्या लोखंडात रुतलेले दिसतात. त्यामुळे तो सहसा सालासारखा सुटून येत नाही. ओतीव लोखंडावरही हा थर चढवता येतो.

तुर्कस्तानातल्या संशोधकांनी फाळाच्या पोलादाला अशी भुकटीतली मुरवण देऊन झिजेच्या चाचण्या घेतल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केल्या. कातडे चढवलेल्या पोलादाची झीज साध्यापेक्षा कमी भरली. प्रयोगशाळेत कोरड्या वाळूत घासून पाहिले तर हा फरक अनेक पटींचा येऊ शकतो. शेतात मात्र तेवढा फरक नेहमी मिळत नाही, आणि त्याची कारणे या कातड्याच्या अंगातच आहेत.

कातड्याची दुखणी

पहिले दुखणे म्हणजे ते पातळ असते. साध्या पोलादावर थर साधारण पाच शतांश ते पंधरा शतांश मिलिमीटरचा होतो. मुलांच्या वहीचे एक-दोन कागद एकावर एक ठेवा, तेवढी जाडी. फाळ तर हंगामात मिलिमीटरच्या हिशेबाने झिजतो. कातडे टिकेल तोवर वाळूला दाद देणार नाही, पण ते गेले की खाली साधेच पोलाद उरते आणि पुढची झीज नेहमीच्या वेगाने होते.

दुसरे दुखणे अधिक वाईट. जे फार कठीण असते ते बहुधा ठिसूळही असते. वाळूत बोरॉनचे कातडे राजा आहे, पण धोंड्यावर आपटले तर काचेसारखे तडकते. त्यातही लोहाचे बोराइड दोन प्रकारचे असते. एकात बोरॉन कमी, दुसऱ्यात जास्त. जास्त बोरॉनचा थर थोडा अधिक कठीण, पण अधिक ठिसूळ असतो. हे दोन्ही थर एकावर एक वाढले तर पाते थंड होताना दोघे सारखे आकसत नाहीत आणि त्यांच्या सीमेवर चिरा पडतात. म्हणून जाणता कारखानदार भुकटी, उष्णता आणि वेळ यांचा मेळ असा घालतो की कमी बोरॉनचा एकच थर वाढावा. आकड्यांच्या मोहात पडून सर्वांत कठीण थर मागणे यात शहाणपण नाही.

तिसरे दुखणे आतल्या पोलादाचे. आठ तास तापून डब्यातच हळूहळू थंड झालेले पाते आतून मऊ पडते. वर काच आणि खाली मेण अशी गत होते. दगड लागला की आतले पोलाद दबते आणि वरचे कातडे फुटते. म्हणून कातडे चढवल्यावर पाते पुन्हा, हवा न लागू देता, तापवून विझवावे लागते. बोराइड तेवढ्याने मऊ होत नाही आणि आतले पोलाद मात्र चिवट व कडक होते. हा टप्पा खर्चिक असतो, त्यामुळे तो गाळण्याचा मोह कारखान्याला होतो. विकत घेताना विचारायचा पहिला प्रश्न हाच: आतल्या पोलादाला पाणी पाजले आहे का?

आणि एक गोष्ट गावातल्या कारागिरांसाठी. जुन्या ट्रकच्या पाट्यांपासून खुरपी, विळे, वखराच्या पासा उत्तम होतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या पोलादात बऱ्याचदा सिलिकॉन दीड-दोन टक्के असतो. बोराइडला सिलिकॉन आपल्या अंगात चालत नाही. थर वाढताना तो सिलिकॉनला पुढे आत ढकलतो आणि कातड्याच्या बरोबर खाली एक मऊ पट्टा तयार होतो. पाऊस उघडल्यावर रानावर पपडी धरते, वरून कडक आणि खाली ओली, तसेच हे. पाय पडला की पपडी फुटते. पाट्याच्या पोलादाला बोरॉनची मुरवण देऊ नये. त्याला नीट पाणी पाजले की ते आपल्या जागी चांगलेच आहे.

एका नावाच्या दोन वस्तू

आता दुकानातल्या शब्दाकडे वळू. रोटाव्हेटरच्या पात्यावर "बोरॉन स्टील" असे लिहिलेले असते, ते आतापर्यंत सांगितलेले कातडे नव्हे. ते पोलाद वितळलेले असतानाच त्यात बोरॉन घातलेला असतो, आणि तो किती? शेकडा एक ते पाच सहस्रांश भाग. म्हणजे शंभर किलो पोलादात एक ते पाच ग्रॅम. चिमूटभरच. पण या चिमटीने एक मोठे काम होते. पाते विझवताना ते वरवर कडक न होता गाभ्यापर्यंत कडक होते, तेही महागडे मिश्रधातू न घालता. असे पाते साधारण ४५० ते ५०० विकर्सचे असते. ते चिवट असते, दगडावर वाकत नाही, सहसा मोडत नाही. मात्र गारगोटीपुढे ते मऊच, आणि म्हणून ते झिजणारच.

या पात्याला वाईट म्हणण्याचे कारण नाही. धोंडेमोंडे असलेल्या रानात मी तरी तेच घेण्याचा सल्ला देईन. झिजेपेक्षा तिथे मोडतोडीचे भय मोठे असते. अशाच रानात गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात कडक रॉडचा थर चढवून घेणेही पुष्कळदा परवडते, कारण तो थर मिलिमीटरमध्ये असतो. बोरॉनचे कातडे शोभते ते वाळूच्या पण बिनदगडाच्या जमिनीत. तसेच जिथे आपटणे नसून नुसते घासणे असते अशा जागी, उदाहरणार्थ तेलघाण्याचा किंवा पशुखाद्याच्या यंत्राचा दाबस्क्रू. दुकानदार दोन्ही वस्तूंना बोरॉनच म्हणेल. कोणती कोणती हे आपण ओळखायचे.

ओळखायला घरातली कानस पुरे. पात्यावरचा रंग खरवडून काढा आणि धारेजवळच्या पृष्ठावर कानस हलकेच ओढा. कानस चावली, लोखंडाची पूड निघाली, तर तिथे बोरॉनचे कातडे नाही हे पक्के. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली, तर कातडे असू शकेल. असू शकेल एवढेच, कारण कोळशाची मुरवण दिलेल्या फार कडक पात्यावरूनही ती घसरते.

उंदराच्या दाताची युक्ती

एवढे पातळ कातडे उपयोगी कसे पडते, याचे उत्तर उंदराच्या दातात आहे. उंदीर जन्मभर कुरतडतो, तरी त्याचा दात बोथट होत नाही. दाताच्या फक्त पुढच्या बाजूला कठीण लुकणाचा थर असतो, मागे तुलनेने मऊ भाग असतो. मागचा भाग आधी झिजतो, पुढची कठीण कड उभी राहते आणि धार आपोआप लागत जाते. इंग्लंडमधल्या रॉबर्ट रॅन्सम या नांगर बनवणाऱ्याने १८०३ मध्ये याच तत्त्वावर बिडाच्या फाळाचे पेटंट घेतले. ओततानाच फाळाची खालची बाजू झटकन थंड करून कठीण करायची आणि वरची मऊ ठेवायची. नांगर चालत राहिला की फाळ आपली धार आपणच लावी.

बोरॉनचाही लेप करून एकाच बाजूवर थर चढवता येतो. असा एकतर्फी फाळ शेवटपर्यंत जाडच राहील असे नाही, पण तो धारदार राहतो, आणि डिझेल वाचते ते धारेमुळे.

वापरताना तीन गोष्टी टाळाव्यात. कातड्याचे पाते लोहाराच्या भट्टीत तापवून ठोकू नये, घणाखाली कातडे फुटते आणि फार तापले तर ते वितळूही लागते. त्याच्यावर वेल्डिंगचा टाका मारू नये, कारण बोरॉन वितळलेल्या धातूत मिसळून जोड तडकतो. आणि धार काढायला सहाणेचे चाक लावू नये, कारण जे विकत घेतले तेच त्यात निघून जाते. घरच्या घरी भुकटी आणून प्रयोग करण्याच्या फंदात तर मुळीच पडू नका. त्या क्षारातून तापल्यावर अंगाला अपायकारक वायू निघतो.

पूर्ण संच घेण्याआधी चार-सहा पातीच आणा. त्यांच्यावर खूण करा आणि साध्या पात्यांच्या आड एक अशी, रोटाव्हेटरच्या दोन्ही अंगांना वाटून बसवा. ट्रॅक्टरच्या चाकामागे माती दबलेली असते, तिथली पाती आधी झिजतात, म्हणून सगळी एकाच बाजूला बसवली तर हिशेब चुकेल. बसवण्यापूर्वी खुणेची पाती आणि त्यांच्या शेजारची तितकीच नवी साधी पाती वाण्याच्या तराजूवर तोलून आकडे वहीत लिहा. पंधरा-वीस एकर झाल्यावर काढा, धुवा, वाळवा, पुन्हा तोला. साध्या पात्याने गमावलेल्या ग्रॅमला कातड्याच्या पात्याने गमावलेल्या ग्रॅमने भागा. उत्तर दोन आले आणि कातड्याच्या पात्याची किंमत दुपटीपेक्षा कमी असेल, तर पुढच्या वर्षी संच घ्या. किंमत तिप्पट असेल तर ती चार पाती झिजेपर्यंत वापरा आणि साध्यांवर परत या. वजन करताना धारेकडेही पाहा, कपच्या उडाल्या आहेत का ते. उडाल्या असतील तर तराजू काहीही सांगो, तुमच्या रानात दगड जास्त आहेत.